धागा: चांदवडकडून इंदूरला गेलेला भाऊ – अनोळखी भाऊबंदांना पत्र कसं लिहावं?

मुक्ता_गोदाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

गेल्या पितृपक्षात बाबांना घेऊन नाशिकला रामकुंडावर गेले होते. बाबा ८१ वर्षांचे आहेत. आमच्या मूळ गावाचे (चांदवड तालुका) तीर्थोपाध्ये, म्हणजे घराण्यांच्या नोंदींच्या वह्या ठेवणारे गुरुजी, शोधायलाच तास गेला. शेवटी एका गुरुजींनी आडनाव आणि गाव विचारलं, आत गेले आणि लाल फडक्यात बांधलेली लांबट वही घेऊन आले. शके १८१९ ची नोंद निघाली, मोडीत. गुरुजींनी वाचून दाखवली. तीन भावांची नावं. थोरले म्हणजे माझे पणजोबा. मधले निपुत्रिक गेले, हे घरात माहीत होतं. तिसरं नाव मात्र आमच्या घरात कुणी कधी उच्चारलेलं नाही. त्या नावापुढे एवढंच: "मु॥ इंदूर".

बाबांनी त्या नावावर बोट ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही. घरी येताना रिक्षात म्हणाले, "म्हणजे तिकडे आपलं कुणीतरी असेल."

तेव्हापासून शोध सुरू आहे. कुलमंडळाची जुनी पत्त्यांची पुस्तिका मिळाली, त्यात इंदूर, देवास आणि उज्जैन धरून आमच्या आडनावाचे १४ पत्ते आहेत. ९ जणांना पत्रं टाकली. दोन परत आली. एकांनी फार प्रेमाने उत्तर दिलं, पण गोत्र आणि कुलस्वामिनी दोन्ही वेगळी. एकांचा फोन आला आणि पहिलंच वाक्य, "जमिनीचं काही असेल तर आमचा संबंध नाही." पाच जणांकडून काहीच नाही.

मला विचारायचंय ते असं: अनोळखी माणसाला असं पत्र लिहिताना काय लिहावं, काय लिहू नये? ज्यांना उत्तरं मिळाली त्यांनी कशी मिळवली? उरलेली पाच पत्रं मला वाया घालवायची नाहीत.

---

पंचवटीकर

चांगला धागा. वाचत राहणार. आमच्याकडे सिंहस्थात घरी उतरायला येणारे लोक जाता जाता वहीत नाव लिहून जायचे. १९८० च्या सिंहस्थात माझ्या काकांनी लिहिलेलं पान मी २०१५ ला पाहिलं. स्वतःच्या माणसाचं अक्षर असं अचानक समोर आलं की काय होतं, ते त्या रिक्षातल्या वाक्यावरून कळलं.

---

मोडीप्रेमी

मुक्ताताई, नोंदीचा फोटो काढला आहे का? एकदा दुसऱ्या माणसाकडूनही वाचून घ्या. गुरुजींवर अविश्वास म्हणून नव्हे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि लिहिणाऱ्याची घाई असेल तर र, व, ज ओळखता ओळखता डोळे दुखतात.

तारीख तपासायची एक सोपी खूण सांगतो. शकात ७८ मिळवा, इसवी सन येतं (पौष-माघ-फाल्गुन असेल तर बहुधा ७९). शके १८१९ म्हणजे १८९७-९८. जुन्या नोंदीत बहुतेक वेळा संवत्सराचं नावही असतं. शके १८१९ ला हेमलंबी संवत्सर होतं. तुमच्या नोंदीत हेमलंबी दिसलं तर साल पक्कं. दुसरं नाव दिसलं तर आकडा चुकीचा वाचलाय असं समजा. संवत्सरं ६० वर्षांनी फिरून येतात, म्हणून दोन्ही जुळली की घोळ होत नाही.

---

मुक्ता_गोदाकाठ

@मोडीप्रेमी, आत्ता फोटो मोठा करून पाहिला. "हेमलंबी"तला "हे" आणि शेवटचं "बी" मलाही ओळखू आलं! फोटो तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवते.

---

शुभम_सातपूर

एवढा खटाटोप कशाला, डीएनए टेस्ट करा ना. आता घरबसल्या किट येतं.

---

रानफूल

@शुभम, टेस्ट केली तरी समोरच्यानेही केलेली असावी लागते, आणि तीही त्याच कंपनीत. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, म्हणजे तिकडेही मुलाच्या मुलाच्या मुलाची ओळ टिकलेली हवी. मधे फक्त मुलगी असेल तर तो धागा तिथे तुटतो. माणूस सापडल्यावर खात्री करायला उपयोगी आहे. पण माणूस शोधायला पत्रच.

---

निफाडचा_वकील

जमिनीचा जो फोन आला त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मी तीस वर्षं वाटपाचे दावे पाहतोय. शंभर वर्षांनी लांबचा भाऊबंद पत्र लिहितो म्हटल्यावर पोटात गोळा येतोच. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला, तेव्हापासून तर बहिणीचं पत्र आलं तरी लोक आधी सातबारा काढून बघतात.

माझा सल्ला: पत्रात जमीन, वाडा, वारस, हिस्सा यातला एकही शब्द नको. "आम्हाला काही नको" असंही नको. त्या वाक्यानेच संशय येतो.

---

आबा_मनमाड

वकीलसाहेबांशी असहमत. मी माझ्या चुलत आजोबांच्या शोधात ११ पत्रं लिहिली. पहिल्या सहांत जमिनीबद्दल चकार शब्द नव्हता, उत्तर एकाचंही नाही. पुढच्या पाचांत सरळ लिहिलं, "गावची जमीन माझ्या वडिलांच्या हयातीतच विकली गेली, त्यामुळे देण्याघेण्याचा काही प्रश्न नाही, फक्त ओळख हवी." पाचांपैकी तिघांनी उत्तर दिलं. खरं असेल ते लिहायला काय हरकत?

त्या तिघांपैकी एकांनी तर पत्रासोबत मुलीची पत्रिकाच पाठवली. गोत्र वेगळं निघालं म्हणून नातं सापडलं नाही, आणि गोत्र वेगळं निघालं म्हणूनच माझ्या पुतण्याची सोयरीक जमली. आता दोन नाती आहेत मला तिकडे.

---

पंचवटीकर

आबा 😄 म्हणजे भाऊबंद शोधायला गेलात आणि व्याही घेऊन आलात.

---

देवळालीचा_पांथस्थ

धागा मनापासून आवडला, म्हणून दुसरी बाजूही लिहितो.

वहीचं वाचताना मला आमचे आजोबा आठवले. रामकुंडाच्या पाण्याला त्यांना हात लावू देत नव्हते, तर वहीत नाव कुठून येणार? २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते विशीतले होते, आणि शेवटपर्यंत त्या दिवसांबद्दल सांगायचे. आमचं घराणं कागदावर शोधायचं म्हणजे कोतवाल बुक. गाव नमुना १४, गावातली जन्म-मृत्यूची नोंद. तहसीलच्या रेकॉर्डमध्ये अर्ज करून नक्कल मागावी लागते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, त्यात असे जुने दप्तर पुष्कळ ठिकाणी बाहेर काढून स्कॅन झाले. ज्यांचा त्या विषयाशी काही संबंध नाही अशांनाही त्याचा उपयोग झाला, मी त्यातलाच एक. आजोबांच्या वडिलांच्या मृत्यूची एक ओळ मिळाली. नाव, जात, वय, आणि कारणाच्या रकान्यात "ताप". संबंध आयुष्याची तेवढी एकच ओळ.

आता पत्राचं. आमच्यात आडनावावर जाऊन चालत नाही. एक भाऊ रेल्वेत इगतपुरीला, एक देवळालीला लष्करात, एक गावात. तिघांची आडनावं तीन झाली, कारण शाळेत मास्तरांनी जे लिहिलं ते लागलं. म्हणून मी पत्र माणसाला लिहिलंच नाही. आजोबांच्या आईच्या माहेरगावच्या बुद्धविहाराच्या नावे लिहिलं आणि विनंती केली की रविवारच्या वंदनेनंतर वाचून दाखवा. वाचलं. एका म्हातारीने तिथेच उठून सांगितलं, "हा आमच्या सोनाआत्याचा नातू." दुपारी मला फोन.

मुक्ताताई, एका माणसाचं उत्तर येत नसेल तर चार माणसं बसतात अशा जागी पत्र पाठवा.

---

मुक्ता_गोदाकाठ

@देवळालीचा_पांथस्थ, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला सांगितला. वहीत नाव असणं हेसुद्धा सगळ्यांच्या वाट्याला आलेलं नाही, हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. मनापासून आभार.

---

मालवा_मराठी

मी इंदूरचा, पाचवी पिढी.

चांदवड आणि इंदूर हे काही दूरचं नातं नाही. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आजही उभा आहे. त्या भागातली माणसं होळकरांच्या चाकरीत इकडे येणं अगदी साहजिक होतं. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की इंदूर १९४८ पर्यंत संस्थान होतं. तुमचे चुलत पणजोबा इथे नोकरीला लागले असतील तर त्यांचा कागद नाशिकच्या कुठल्याही कचेरीत मिळायचा नाही.

पत्राबद्दल दोन गोष्टी. आमची तरुण मुलं मराठी बोलतात, पण चार पानी मराठी पत्र वाचायला बसत नाहीत. लिपी एकच, तरी शिक्षण हिंदीत झालेलं. पत्र एका पानाचं करा आणि मागच्या बाजूला तेच साध्या हिंदीत लिहा. दुसरं म्हणजे आडनावाला फार चिकटून राहू नका. इकडे येऊन गावाच्या नावाला "कर" लावून घेतलेली घरं कितीतरी आहेत. दरबारात एकाच आडनावाचे चार जण झाले की ओळखायला कुणीतरी गाव चिकटवायचं, आणि पुढच्या पिढीत तेच आडनाव.

---

निफाडचा_वकील

आबांचा अनुभव मान्य. तरी "जमीन विकली" असं लिहिताना ते कागदावर खरं आहे ना, फेरफार पाहून खात्री करा. उद्या कुणी तेच पत्र पुढे करील.

आणि वंशवृक्षाचा फोटो इथे किंवा कुठेही जाहीर टाकू नका. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख एवढ्यावर लोक बँकेत आपल्या नावाने फोन करतात.

---

सिन्नरकर_काकू

मुक्ता बाळ, सगळं वाचलं. एक विचारते. तीन भाऊ सांगितलेस. बहिणी किती होत्या?

---

मुक्ता_गोदाकाठ

काकू, वहीत फक्त भावांची नावं आहेत. बहिणींबद्दल काहीच नाही.

---

सिन्नरकर_काकू

वहीत नसणारच गं. म्हणूनच विचारलं.

माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण कुणाचं सुतक दहा दिवस धरायचं आणि कुणाचं तीन, हे सगळं तोंडपाठ. सात पिढ्यांच्या आतले भाऊबंद दहा दिवस, त्याच्या पलीकडचे तीन. कुठून पोस्टकार्ड आलं, वर "अशुभ" लिहिलेलं असलं, की त्या चुलीपाशी बसून बोटांवर मोजायच्या. अमक्याचा तमका, त्याचा हा, म्हणजे सहावा, म्हणजे दहा दिवस. आमचे पुरुष त्यांना विचारूनच अंघोळीला जायचे. वंशावळ त्या बाईच्या डोक्यात होती, आणि तिचं स्वतःचं नाव मात्र कुठल्या कागदावर नाही.

भाऊ परगावी गेला की थोरल्याशी त्याचं पटेल न पटेल. जमिनीवरून अबोला झाला असेल, म्हणून तर तुमच्या घरात नाव निघालं नाही. पण बहिणीला तो राखीपौर्णिमा-भाऊबीजेला दोन ओळी लिहिणारच. वडिलांना विचार, त्यांच्या लहानपणी घरात "अमक्या गावची आत्या" म्हणून कोण यायचं. पत्र इंदूरला नंतर पाठव.

आणि कुळाचार पत्रात सांगून टाकू नकोस, विचार. आपण सांगितलं की समोरचा "हो हो, आमचंही तेच" म्हणतो. कुलस्वामिनी कोणती, नवरात्रात माळ कशाची, गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या, हे त्यांनी आपणहून सांगितलं की मग जुळलं म्हणायचं.

---

आबा_मनमाड

काकू, शेवटचं पटत नाही. आपण काहीच न सांगता प्रश्न विचारत सुटलो तर जनगणनेवाला आलाय असं वाटतं. आपलं थोडं सांगावं, मग विचारावं.

---

सिन्नरकर_काकू

आबा, गाव सांगावं, आजोबांची नावं सांगावी, वडिलांना किती ओढ लागली आहे ते सांगावं. देवघराची किल्ली तेवढी हातात ठेवावी.

---

रानफूल

काकूंना शंभर वेळा अनुमोदन. माझ्या आजीच्या माहेरचा शोधही तिच्या बहिणीच्या नातसुनेकडूनच लागला.

---

मुक्ता_गोदाकाठ
(तीन आठवड्यांनी)

मंडळी, हात थरथरतायत, चुकलं तर सांभाळून घ्या.

काकूंचा प्रश्न बाबांना विचारला. ते लगेच म्हणाले, "येवल्याच्या आत्या." त्यांच्या आजोबांची बहीण. बाबा सहा-सात वर्षांचे असताना त्या यायच्या, कमरेत वाकलेल्या, ओच्यात गुडदाणी. येवल्याला कोणत्या आळीत राहायच्या ते बाबांना आठवत होतं, मारुतीच्या देवळाची खूणही. मागच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. घर पडलंय, पण शेजाऱ्यांनी नव्या घराचा पत्ता दिला. आत्यांच्या नातसूनबाई भेटल्या, पंचाहत्तरीच्या. चहा झाला, ओळख पटली, आणि मी इंदूरचं नाव काढल्यावर त्या काही न बोलता आत गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या.

आत सात पोस्टकार्डं. प्रत्येकाच्या मधोमध भोक, पूर्वी तारेला टोचून ठेवायचे तसं. आत्यांना वाचता येत नव्हतं. गावात मोडी जाणणारं कुणी आलं की त्या कार्डं काढून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायच्या, असं सूनबाईंनी सांगितलं. कडा बोटांनी मऊ पडल्यात, कापडासारख्या.

@मोडीप्रेमींनी कालच चार कार्डं वाचून दिली. बाकी त्यांनीच लिहावं.

---

मोडीप्रेमी

मुक्ताताईंच्या परवानगीने सर्वांत स्पष्ट कार्डाचा मजकूर देतो. पाव आण्याचं कार्ड, आश्विन वद्य, शके १८४०. म्हणजे १९१८ ची दिवाळी तोंडावर आलेली.

"तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथे मानमोडीने फार माणूस गेले. आमचे घरी चिरंजीव धाकटा गेला. थोरला बरा आहे. भाऊबीजेस येणे होत नाही, राग न धरावा. दादास कळवू नये."

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा, आपल्याकडे तेव्हा सगळे तेच म्हणत. "दादास कळवू नये" हे तीन शब्द सोडले तर सरळ वाचता आलं. त्या तीन शब्दांना मी दोन दिवस लावले. काकूंचा अबोल्याचा अंदाज बरोबर होता.

आणखी महत्त्वाचं: खाली सहीत आडनाव वेगळं आहे. गावाचं नाव, पुढे "कर". पत्ता रामबाग, इंदूर.

---

मालवा_मराठी

!!! रामबाग माझ्यापासून दहा मिनिटांवर आहे. मुक्ताजी, ते "कर" आडनाव मला निरोपातून कळवा. म्हणजे चौदाच्या चौदा पत्ते चुकीच्या आडनावाचे होते.

---

सिन्नरकर_काकू

लेक गेल्याचं बहिणीला कळवलं आणि भावाला नाही. काय दुखलं असेल दोघांमध्ये. मुक्ता, त्या नातसूनबाईंना माझा नमस्कार सांग. डबा जपला त्यांनी.

---

मुक्ता_गोदाकाठ

सांगते काकू. त्यांना साडी-चोळी करून आलो. त्या म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, डबा टाकायचा नाही, कुणीतरी विचारायला येईल."

@मालवा_मराठी, निरोप पाठवला आहे. बाबा आता पत्र स्वतः लिहायला बसलेत. मायन्यावर अडलेत. समोरचा वयाने मोठा की लहान, तेच माहीत नाही.

---

पंचवटीकर

"स. न. वि. वि." कुणालाही चालतं. पत्राच्या शेवटी "वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद" म्हटलं की सगळे आले.

---

मालवा_मराठी

काल संध्याकाळी रामबागेत गेलो. त्या आडनावाचं घर तिथून केव्हाच हललंय, पण किराणा दुकानदाराने नवी कॉलनी सांगितली, तिथे पोचलो. दार एका मुलाने उघडलं. मी हिंदीत सुरुवात केली, नाशिकहून कुणीतरी शोधतंय म्हणालो. त्याला काही कळेना. आतल्या खोलीत त्याच्या पणजी खाटेवर बसल्या होत्या, ८८ वर्षांच्या. त्यांनी नाशिक ऐकलं आणि मराठीत विचारलं:

"येवल्याच्या ताईंचं कुणी आलंय का?"

कुलस्वामिनी मी विचारली नाही. त्यांनीच सांगितली, चांदवडची रेणुका.

---

देवळालीचा_पांथस्थ

वाचून उठून अंगणात जाऊन आलो.

---

निफाडचा_वकील

माझे सगळे सल्ले मागे. मुक्ताताई, लवकर जा.

---

मुक्ता_गोदाकाठ

शुक्रवारी पहाटे निघतोय, गाडीने. मुंबई-आग्रा रस्ताच थेट इंदूरला जातो, आणि चांदवड वाटेतच आहे. रेणुकामातेच्या पायऱ्या बाबांना जमणार नाहीत म्हटलं, तर म्हणतात जमतील. येवल्याच्या सूनबाई चांदवडला येऊन आमच्या गाडीत बसणार आहेत, डबा घेऊन.

बाबांचं पत्र लिहून झालंय. पोस्टात टाकू देत नाहीत. खिशात ठेवलंय.